फ्यूजमधली चिप आणि कारागिराचे इमान

व्यापाराच्या पानावर शस्त्रास्त्रांचा विषय कशासाठी, असे आमचे काही वाचक विचारतील. कारण सरळ आहे. डिसेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने पुण्याच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सशी तोफगोळ्यांच्या इलेक्ट्रॉनिक फ्यूजसाठी दहा वर्षांचा करार केला. रक्कम ५,३३६ कोटींहून अधिक, आणि उत्पादन पुणे व नागपूर येथे. म्हणजे हा धंदा आपल्या उंबरठ्याशी आला आहे. तो समजून घेणे आपले काम आहे.

घरातला फ्यूज वितळून वीज तोडतो. गोळ्याचा किंवा हातबॉम्बचा फ्यूज मात्र स्फोट केव्हा व्हावा हे ठरवतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे केव्हा होऊ नये हेही ठरवतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली आलेल्या मिल्स हातबॉम्बची रचना पाहा. पिन काढायची, हात सोडला की लिव्हर उडते, स्प्रिंगचा खिळा टोपीवर आपटतो आणि दारूची वात जळू लागते. वात जळून संपली की स्फोट. पण दारू शेवटी दारूच. थंडी, ऊन, दमट हवा, साठवणीची वर्षे यांनी तिचा वेग बदलतो. वात लवकर जळली तर फेकणारा जवानच जातो. अजिबात जळली नाही तर जिवंत बॉम्ब शेतात पडून राहतो.

इलेक्ट्रॉनिक्स इथे उपयोगी पडते. २०१६ साली अमेरिकेतील न्यू जर्सीच्या पिकाटिनी शस्त्रागारातील संशोधकांनी पायदळासाठी पूर्ण इलेक्ट्रॉनिक फ्यूजच्या हातबॉम्बचे काम जाहीर केले. त्यात वेळ मिलिसेकंदात बांधता येते, आणि जवानाने सज्ज केल्याशिवाय स्फोट होऊच शकत नाही, असे त्यांनी सांगितले. अशा फ्यूजचे तत्त्व रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कुणालाही पटेल. कॅपॅसिटरमध्ये वीज भरलीच नाही, तर ठिणगी पडणार कुठून? आणि बॅटरी संपली की विजेवर चालणारा फ्यूज मुका होतो.

हा दुसरा गुण आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. लढाई संपल्यावर न फुटलेला गोळा कुणाच्या हाती लागतो? शेतकऱ्याच्या, गुराख्याच्या, मुलाच्या आणि भंगारवाल्याच्या. भंगाराच्या धंद्यात आपले किती बांधव आहेत हे वाचकांना सांगायला नको. २००४ साली गाझियाबादजवळच्या साहिबाबाद येथे एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातील गोळ्यांचा स्फोट झाला आणि १० कामगार दगावले. कुठल्या तरी देशातील युद्धाचा हिशेब रोजीसाठी घाम गाळणाऱ्यांनी चुकता केला.

पण ‘सुरक्षित’ असे लेबल लावले म्हणजे वस्तू सुरक्षित होत नाही. २००६ साली लेबनॉनमध्ये इस्रायलने टाकलेल्या एम-८५ या लहान बॉम्बमध्ये आपोआप नष्ट होण्याची सोय होती. ती इलेक्ट्रॉनिक नव्हती, दारूच्या वातीवर चालणारी होती. न फुटण्याचे प्रमाण सुमारे एक टक्का, असा दावा केला जाई. युद्धानंतर जमिनीवर पाहणी करणाऱ्यांना ते पाच ते दहा टक्के आढळले. चाचणीच्या मैदानातले आकडे रणांगणात टिकले नाहीत.

म्हणून २००८ च्या क्लस्टर बॉम्ब करारात ज्या थोड्या शस्त्रांना वगळले गेले, त्यांच्यासाठी इतर कडक अटींबरोबर इलेक्ट्रॉनिक आत्मनाश आणि इलेक्ट्रॉनिक निष्क्रियता या दोन्ही अटी घातल्या गेल्या. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. मात्र सुरुंगांविषयीचा १९९६ चा सुधारित मसुदा भारताने मान्य केला आहे. दूरवरून पेरल्या जाणाऱ्या माणूसमारक सुरुंगांपैकी १२० दिवसांनंतर हजारात एकाहून अधिक जिवंत राहू नये, असा दंडक त्यात आहे.

आमचे मत असे की हाच दंडक पायदळाच्या हातबॉम्बना आणि लाँचरच्या गोळ्यांनाही लावावा. ठराविक मुदतीनंतर जो फ्यूज स्वतःहून मुका होत नाही, तो खरेदीच करू नये. चाचणी ऊन, पाऊस आणि चिखलात व्हावी आणि तिचा निकाल कारखानदाराने नव्हे तर तिऱ्हाइताने द्यावा. भंगार व्यापाऱ्यांच्या संघटनांनीही बाहेरचा माल तपासल्याशिवाय कापायला घेऊ नये.

शस्त्राच्या कामात पडावे की नाही, असा प्रश्न काही बांधवांना पडतो. तो ज्याने त्याने उलेमांना विचारून सोडवावा. परंतु जो हे काम घेईल त्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. रेडिओत ड्राय सोल्डर राहिले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला येते. फ्यूजमध्ये राहिले तर भांडायला कुणी परत येत नाही. मापात पाप करू नये ही शिकवण आपल्याला तराजूच्या संदर्भात लहानपणीच मिळते. सोल्डरचा प्रत्येक सांधा हेही एक मापच आहे, आणि ज्याला आपण कधी पाहणार नाही अशा माणसाचा जीव ही त्यातली अमानत आहे.