बेरजेवरचा सट्टा

सामना कोण जिंकणार यावरच सट्टा खेळला जातो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. सट्ट्याचा एक प्रकार असा आहे की, ज्यात हार-जितीला काडीचेही महत्त्व नसते. दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज बुकीने ठरवलेल्या आकड्याच्या वर जाणार की खाली राहणार, एवढाच त्यात प्रश्न असतो. अमेरिकेत हा प्रकार फार रुजलेला आहे. क्रीडासट्ट्यावर निर्बंध घालणारा १९९२ चा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द ठरवल्यावर एकामागून एक राज्यांनी त्याला राजमान्यता दिली.

समजा, अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यासाठी ४७.५ हा आकडा जाहीर झाला. बेरीज ४८ झाली तर ‘वर’ म्हणणारा जिंकतो, ४७ झाली तर ‘खाली’ म्हणणारा. अर्धा गुण कोणालाच मिळत नाही. पण त्या अर्ध्यामुळे बरोबरीची आणि पैसे परत करण्याची वेळच येत नाही. हा आकडा म्हणजे बुकीचे भविष्यकथन आहे, असेही मानण्याचे कारण नाही. पैसा एका बाजूला झुकू लागला की आकडा किंवा भाव सरकवला जातो.

बुकीची कमाई असते ती भावात. प्रचलित भावाने १०० मिळवण्यासाठी ११० लावावे लागतात. दोघांनी दोन बाजूंनी ११० लावले की २२० जमतात; जिंकणाऱ्याला २१० मिळतात आणि १० बुकीकडे राहतात. म्हणजे नुसती बरोबरी साधायची तरी २१ पैकी ११ पैजा जिंकल्या पाहिजेत. शंभरपैकी पन्नास जिंकणारा स्वतःला तोडीस तोड समजतो. प्रत्यक्षात त्याने ५०० गमावलेले असतात. नशीब दोघांना समान असते. भाव मात्र एकानेच ठरवलेला असतो.

संख्येवरच्या सट्ट्याचा दुसरा धोका खेळालाच आहे. हरण्यासाठी संघ विकत घ्यावा लागत नाही; एखाद्याने थोडे संथ खेळले तरी पुरते. मार्च २००० मध्ये नागपूरच्या एकदिवसीय सामन्यापूर्वी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने गिब्जला वीसच्या आत बाद होण्यासाठी आणि विल्यम्सला पन्नासहून अधिक धावा देण्यासाठी पैसे देऊ केले होते. गिब्जने ७४ धावा केल्या, विल्यम्स ११ चेंडू टाकून जायबंदी झाला. तरीही सौदा ठरला होता तो आकड्यांचाच. संघ जिंकला की हरला, याची त्या सौद्याला फिकीर नव्हती.

मुंबईच्या गिरणगावाला हे नवे नाही. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावातून निघणाऱ्या आकड्यांवर तेथे पैसे लागत. कापसाशी देणेघेणे नव्हते. पगाराशी मात्र होते. आज मटक्याची जागा खिशातल्या मोबाइलने घेतली आहे. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला; तो आवश्यक होता. परंतु मटकाही बेकायदाच होता, हे विसरून चालणार नाही.

म्हणून केवळ नीतीचा उपदेश पुरणार नाही. सट्टेबाज तरुण स्वतःला पापी मानत नाही, हुशार मानतो. खेळाडूंची आकडेवारी त्याला मुखोद्गत असते. कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत, कारखान्याच्या दारात त्याला २२० आणि २१० मधला फरक कागदावर मांडून दाखवला पाहिजे. सामना कोणीही जिंको, ते १० रुपये कोणाच्या घरात जातात, हे एकदा त्याच्या ध्यानात आले म्हणजे पुढचा प्रश्न तो आपण होऊन विचारील.