विमानतळाजवळचं गाव

पाठीवर सॅक टाकून एकट्याने परदेश हिंडणाऱ्या माणसाचे शेवटचे दिवस सुरू झाले, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. तो कपडे धुणं बंद करतो. तोवर रोज रात्री बेसिनमध्ये बनियन खळबळून खिडकीच्या गजाला वाळत घालणारा माणूस अचानक हिशेबाला बसतो. दोन टी-शर्ट स्वच्छ, एक चालवून घेण्याजोगा, एक विमानासाठी राखीव. निघालं गाडं. सनस्क्रीनची अर्धी ट्यूब, सुटत आलेली चप्पल, वाचून झालेलं पुस्तक हे सगळं हॉस्टेलच्या त्या खोक्यात जातं, ज्यात मागचा माणूस टाकतो आणि पुढचा उचलतो. स्वस्तातल्या विमानात हातातल्या सामानाला सात किलोची मर्यादा असते, आणि सॅक मात्र महिनाभरात कशी कोण जाणे, जड झालेली असते.

दुसरी खूण मनाची. माणूस जिथे असतो तिथे उरत नाही. मी श्रीलंकेत कँडीहून निघून श्रीपादाचा डोंगर चढलो, हापुतळे-एल्लाच्या चहामळ्यांतून आगगाडीच्या उघड्या दारात बसून आलो, गॉलच्या डच तटावर संध्याकाळी फिरलो. तोवर माझ्या वळ गावाची आठवण मला क्वचितच झाली. परतीची तारीख जवळ आली तशी ती दिवसातून दहादा व्हायला लागली. भाडेकराराचं नूतनीकरण, छताचा गळका पत्रा, चुलतभावाची हळद.

अशा वेळी बहुतेक लोक घाबरून यादी काढतात. राहिलेलं सगळं उरकून टाकू म्हणतात. माझ्या खोलीतला एक पोरगा निगोंबोहून एका दिवसात सिगिरियाचा खडक पाहून परत येणार होता. जाऊन-येऊन आठ तास रस्त्यात, वर काश्यप राजाच्या पाचव्या शतकातल्या राजवाड्याच्या पायऱ्या, आणि रात्री विमान. गेला बिचारा. माझं मत अगदी उलट आहे. शेवटचे दिवस रिकामे ठेवावेत, आणि तेही विमानतळाजवळच्या अशा गावात काढावेत जिथे पाहण्यासारखं फारसं काही नाही. पाहण्यासारखं असलं की माणूस पाहतच राहतो, बाकी काही करत नाही.

निगोंबो तसं गाव आहे. कोलंबोचा विमानतळ खरं तर कोलंबोत नाहीच, तो कटुनायकेला आहे, निगोंबोपासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे प्रवासी इथे पहिली रात्र काढतात किंवा शेवटची, आणि दोन्ही वेळा झोपेत असतात. डचांच्या किल्ल्याचं १६७८ साल कोरलेलं दार शिल्लक आहे, आत तुरुंग आहे. चर्चेस पुष्कळ. पोर्तुगीजांनी किनाऱ्यावरचे कोळी बाटवले, ते आजही कॅथलिक आहेत, आणि दुकानांच्या पाट्यांवर फर्नांडो, पेरेरा, सिल्वा वाचत चाललं की आपण वसईच्या बाजारात आहोत असं वाटतं. वाटणारच. वसईवर १७३९पर्यंत राज्य करणारे हेच ते पोर्तुगीज. आमच्या खाडीच्या एका टोकाला त्यांचा किल्ला होता.

आता वळबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात. पण शहराच्या दक्षिणेला काल्हेर, पूर्णा, वळ, दापोडे, माणकोली असा जो पट्टा आहे, तो गोडाऊनचा. मुंबईत माल शिरला की जकात लागायची, म्हणून व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर माल उतरवायला सुरुवात केली आणि आमची भातशेती त्यांच्या कामी आली. २०१७ला जकात गेली, जीएसटी आला, गोडाऊन गेली नाहीत. उलट ऑनलाइन खरेदीने आणखी वाढली. तुम्ही मोबाइलवर बोट दाबून मागवलेली वस्तू आमच्या कुणाच्या तरी वावरातून आलेली असण्याची शक्यता बरीच आहे. माझी सॅकही तशीच आली. तिच्या खोक्यावरचा पिनकोड वाचून मला हसू आलं होतं.

आमच्याकडे शेती गेली म्हणून गळा काढायची एक पद्धत पडली आहे. मला ती जमत नाही. माझ्या आजोबांनी खाजणात चिखल तुडवला, पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरले, निवट्या आणि चिंबोऱ्या आणल्या, आणि आयुष्यात मुंबईपलीकडे गेले ते एकवीरेला. मी श्रीलंकेला गेलो तो गाळ्याच्या भाड्यावर. भाड्याचा चेक वटवून आलेला माणूस शेतीसाठी किती रडणार? हां, निवट्या आता मिळत नाहीत, हे खरं.

आणि आमच्याकडे प्रवास एकट्याने करत नाहीत. कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला जायचं तर पालखी, बँजो, टेम्पो आणि अर्धं गाव. दुबईला जायचं तरी गोडाऊनवाल्यांचा चाळीस जणांचा ग्रुप, सोबत टूरवाल्याचा आचारी. एकटा जातो म्हटल्यावर आत्याने आधी तब्येतीची चौकशी केली, मग आडून लग्नाचा विषय काढला.

तर निगोंबोत पहिल्या सकाळी मी काही न ठरवता चालत निघालो, आणि किल्ल्याजवळच्या मासळीबाजाराच्या मागे वाळूवर येऊन थबकलो. नजर पोचेल तिथवर काथ्याच्या चटया आणि त्यांवर सुकत घातलेली मासळी. वास असा की हॉटेलातली मंडळी नाकाला रुमाल लावून फोटो काढत होती. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. श्रीलंकेत इतके दिवस मी पाहुणा होतो. त्या वासात मला एकदम सगळं समजायला लागलं. मोठी मासळी पाठीकडून चिरून उघडतात, आतडी काढतात, मीठ भरून पिंपात ठेवतात, मग समुद्राच्या पाण्यात धुऊन चटईवर अंथरतात. बारीक मासळी तशीच अख्खी. ऊन चढलं की बायका वाकून एकेक उलटत पुढे सरकतात, आणि कावळे त्यांच्यामागून तेवढ्याच शिस्तीने. ढग आले की प्लॅस्टिकचे कागद घेऊन पोरं धावतात. रविवारी सगळं बंद, कारण कोळी चर्चला.

एका बाईच्या चटईशी मी उकिडवा बसलो. तिचं इंग्रजी चार शब्दांचं, माझं सिंहली त्याहून कमी. मी एक बांगडा उचलून पाठ दाबून पाहिली, शेपटीकडे वास घेतला आणि मान हलवली, अजून एक ऊन हवं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तोवर मी कॅमेरावाला होतो. मग तिने हाताने विचारलं, एकटाच? बायको? मी नाही म्हटल्यावर तिने आत्याचाच चेहरा केला. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा तिने मला उलटायला एक अख्खी रांग दिली. कंबर मोडली. पण त्या महिन्यात माझ्या हातून झालेलं उपयोगाचं काम तेवढंच.

त्याच वाळूत मला ते दाणे दिसले. चटईची कड उचलली की खाली वाळूत पांढरट, डाळीएवढे, गुळगुळीत. मला वाटलं मिठाचे खडे. तिचा मुलगा थोडं बरं इंग्रजी बोलायचा, त्याने एक दाणा नखाने दाबून दाखवला, फुटला नाही. प्लॅस्टिक. 'एक्स-प्रेस पर्ल' नावाच्या मालवाहू जहाजाला मे २०२१मध्ये कोलंबोच्या बंदराबाहेर आग लागली. त्यावर सुमारे दीड हजार कंटेनर होते. एका कंटेनरमधून नायट्रिक ॲसिड गळत होतं. ते उतरवून घ्यावं म्हणून जहाजाने आधी कतारच्या हमदला आणि मग आपल्या गुजरातेतल्या हझिरा बंदरात विचारलं होतं, दोन्हीकडे नकार मिळाला. कोलंबोला पोचल्यावर ते जळालं आणि जूनमध्ये बुडालं. प्लॅस्टिकच्या वस्तू ओतायला जो कच्चा माल लागतो, त्याचे टनावारी दाणे किनाऱ्यावर आले. सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त या निगोंबोच्या पट्ट्यात. मासेमारीवर बंदी आली. मेलेली कासवं वाहून आली. पुढच्या वर्षी, २०२२मध्ये, देशाचंच दिवाळं वाजलं, आणि होड्यांना लागणाऱ्या रॉकेलसाठी याच लोकांनी रांगा लावल्या. राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यातल्या तलावात पोहणारी माणसं आपण टीव्हीवर पाहिली. रॉकेलच्या डब्याशी रात्र काढणारी पाहिली नाहीत.

मी तो दाणा बराच वेळ तळहातावर धरला होता. असल्या दाण्यांच्या गोण्या मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पंचवीस-पंचवीस किलोच्या, लाकडी फळीवर रचलेल्या, आमच्या भाडेकरूंच्या गोडाऊनमध्ये. एखादी फाटली तर दाणे दारापर्यंत यायचे आणि आम्ही पोरं ते गलोलीत घालून कावळ्यांना मारायचो. केमिकलची गोडाऊनं आमच्याकडेही पेटतात, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईच्या पेपरात चार ओळी येतात. त्या मुलाने विचारलं, इंडियात तू काय करतोस? मी म्हटलं, माल ठेवायला जागा देतो. कसला माल, असं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला नीट सांगताही आलं नसतं. आम्ही गाळा देतो, आत काय आहे ते पाहायला जात नाही. सगळं गाव असंच करतं.

यातलं काहीही मला पहिल्या आठवड्यात दिसलं नसतं. तेव्हा माझ्याकडे यादी होती.

एक दिवस मात्र कोलंबोला जाऊन आलो, तो मुद्दाम माळिगाकंदचा विद्योदय पिरिवेण, म्हणजे भिक्खूंची पाठशाळा, बघायला. आमच्याकडे एकटे जात नाहीत असं मी वर म्हटलं, पण मराठी मुलखातला एक माणूस शंभराहून अधिक वर्षांपूर्वी असा निघाला होता, आणि त्याच्यासमोर आमची सॅक-संस्कृती पोरखेळ आहे. धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या सांखवाळचा, १८७६चा जन्म. बुद्धाची शिकवण मुळातून समजून घ्यायची म्हणून १८९९मध्ये बायको-मुलीला मागे ठेवून घराबाहेर पडला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया असं करत १९०२मध्ये सिलोनला पोचला आणि या विद्योदयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली पाली शिकला, श्रामणेर झाला. तिथून मद्रास, तिथून ब्रह्मदेश. 'निवेदन' हे त्यांचं आत्मचरित्र मी सॅकेत नेलं होतं. हॉस्टेलच्या खोक्यात टाकवलं नाही ते तेवढंच.

विद्योदय म्हणजे १८७३ची संस्था, आजही चालू. अंगणात भगवी वस्त्रं वाळत होती, कुणीतरी घोकत होतं. कोसंबींची पाटी वगैरे शोधायला मी गेलो नव्हतो. मला त्यांचा एकच मुद्दा छळतो. त्यांच्याजवळ परतीचं तिकीट नव्हतं, म्हणून त्यांच्या प्रवासाला शेवटचे दिवसच नव्हते. आमच्या प्रवासाला आकार येतो तो त्या छापील तारखेमुळे. तिच्यामुळेच मनात घाई होते आणि तिच्यामुळेच थोडी सुटकाही वाटते. बायको-मुलीकडून पाहिलं तर कोसंबींच्या त्या थोर वाटचालीला दुसरी बाजू आहे, ती आपण फार बोलत नाही. तारीख नसलेल्या माणसाची वाट कशी बघायची? आत्या निदान कॅलेंडरवर खूण करून बसली होती.

परतताना फोर्ट स्टेशनाजवळच्या पेटा बाजारात खरेदी. गावच्या ग्रुपवर फर्माईशी येऊन पडल्या होत्या. चहा, दालचिनी, आणि एका चुलत्याने 'तिथली फेमस' म्हणून दारू मागवली होती. काय घ्यायचं हे सात किलोंनी ठरवलं. चहाचे पुडे बुटात कोंबले. सुकी मासळी विमानात न्यायचं धाडस झालं नाही. शेजारच्या सीटवर बसणाऱ्याचाही विचार करावा लागतो. शेवटची सुट्टी नाणी कवठाच्या सरबतावर संपवली. त्यांच्याकडे कवठाला भलतीच किंमत आहे, बाटलीत भरून विकतात.

विमान अडीच तासांचं. मुंबई विमानतळावरून वळला पोचायला त्या रात्री जवळपास तेवढाच वेळ लागला, कारण माणकोली नाक्यावर ट्रेलर आडवा झाला होता.

सकाळी आत्याला मोबाइलवर निगोंबोचे फोटो दाखवले. चष्मा चढवून, बोटांनी मोठे करून तिने ते बारकाईने पाहिले. डोंगर, चहामळे, मंदिरं भराभर सरकवली. चटयांशी थांबली.

"मासली चांगली हाय," ती म्हणाली. "पन मीठ कमी परलंय. पावसाल्यात टिकायची नय. काय भाव दिली?"

मी भाव सांगितला, रुपयांत करून. तिला तो महाग वाटला. मग मी दालचिनीची पुडी पुढे केली. विडीसारखी पातळ, एकात एक गुंडाळलेली, जगात नावाजलेली सिलोनची दालचिनी. आमच्या मसाल्यात पडते ती जाड सालीची, जिभेला झोंबणारी. आत्याने एक कांडी दाताखाली धरली, चावली, आणि पुडी परत माझ्या हातात दिली.

"ही चायमधी टाक," म्हणाली. "मसाल्याला भिवंडीतून आनू."