सातबाऱ्यावर न दिसणारे वाटेकरी

आपल्यापैकी अनेकांनी दुकानाच्या वा कारखान्याच्या छतावर सौर पॅनेल बसविली आहेत. काही कुटुंबे आता ग्रामीण सौर प्रकल्पांत भांडवल गुंतविण्याचा विचार करीत आहेत. छप्पर आपले असते. तेथे कोणास विचारावे लागत नाही. गावाच्या जमिनीचे तसे नाही.

आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधील राज्यातील पहिला प्रकल्प 2024 मध्ये सुरू झाला. अवघ्या 3 मेगावॅट क्षमतेच्या या प्रकल्पातून दीड हजारांहून अधिक शेतकऱ्यांना सिंचनासाठी दिवसा वीज मिळते. पाणी देण्यासाठी ज्यास मध्यरात्री शेतात जावे लागे, तोच याचे मोल जाणतो.

योजनेचे एकूण उद्दिष्ट 16,000 मेगावॅटचे आहे. एका मेगावॅटला साधारणतः 4 ते 5 एकर जमीन लागते, हे ध्यानी घेतल्यास हिशेब 64 हजार एकरांच्या पुढे जातो. खासगी जमिनीस हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे व त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ ठरलेली आहे. शासकीय जमीन नाममात्र भाड्याने मिळते. आणि खेड्यातील शासकीय जमीन म्हणजे बहुधा गायरान.

कर्जप्रकरण तपासताना बँक सातबारा पाहते, वकिलांचा शोध अहवाल घेते आणि मालकी निर्वेध असल्याची खात्री करते. गायरानाच्या उताऱ्यावर शासनाचे नाव असते. त्यावर शेळ्या चारणारी विधवा, पिढ्यान्‌पिढ्या तुकडा कसणारा भूमिहीन वा स्मशानाकडे जाणारी पायवाट यांची नोंद बहुधा नसते. कागद निर्वेध असतो, जमीन नसते. राज्यात काही ठिकाणी ग्रामस्थांनी अशा प्रकल्पांना विरोध केला, त्याचे मूळ बव्हंशी येथेच आहे.

2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार सौर फोटोव्होल्टाइक प्रकल्पांस पूर्वमंजुरी लागत नाही. म्हणून त्या निमित्ताने होणारी जनसुनावणीही होत नाही. विचारणे कायद्याने सक्तीचे नाही, म्हणूनच ते विवेकाचे काम ठरते. योजनेत ग्रामपंचायतीस वर्षाला 5 लाख रुपये, असे 3 वर्षे मिळतात. ही तरतूद स्तुत्य आहे. परंतु पैसे देणे आणि मत विचारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

न विचारल्याची किंमत धुळे जिल्ह्याने पाहिली आहे. विखरण येथील वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची जमीन वीज प्रकल्पासाठी संपादित झाली. मोबदला अन्यायकारक असल्याची दाद मागून थकलेल्या पाटलांनी जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतले. त्यातच त्यांचा अंत झाला.

तेव्हा भांडवल गुंतविण्यापूर्वी प्रवर्तकास काही प्रश्न अवश्य विचारावेत. नकाशा आखण्याआधी ग्रामसभा झाली काय, आणि तीत गुराखी व महिला बोलल्या काय? कुंपणातून पायवाट व ओढ्याचा प्रवाह मोकळा ठेवला आहे काय? पॅनेल धुण्याचे पाणी कोठून येणार? मराठवाड्यात हा प्रश्न गौण नाही. गवत कापण्याचे व स्वच्छतेचे काम गावातील बचत गटास मिळेल काय? कापलेला चारा गावातच राहील काय?

जीवदयेपोटी आपण पांजरपोळास चारा देतो. ज्या गुंतवणुकीच्या लाभातून ते दान द्यायचे, तिने गावच्या गुरांचे कुरण हिरावलेले नाही ना, हेही पाहणे आपल्याकडे आले.