पंचनाम्याआधीची ग्रामसभा

कन्नड तालुक्यातलं देवगाव रंगारी घ्या, नाहीतर तेवढंच मोठं दुसरं कुठलंही गाव घ्या. पावसाचं पाणी घरात शिरलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. तलाठी येतात, पंचनामा होतो, भिजलेल्या धान्याचे फोटो निघतात. ग्रामपंचायतीला जाब विचारला तर उत्तर मिळतं, ‘अस्मानी संकटापुढे आम्ही काय करणार?’ माझं भांडण या उत्तराशी आहे.

अस्मानी संकटं येतात, हे खरंच. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या आणि घाटाखालचं चाळीसगाव पाण्यात गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याने जे सोसलं, त्याला कुठलीच ग्रामपंचायत पुरी पडली नसती. पण दरवर्षीचं दुखणं वेगळं आहे. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला तरच महसूल खातं त्याला अतिवृष्टी म्हणतं. सखल गल्लीतल्या चुलीत पाणी जायला एवढा पाऊस लागत नाही, तासाभराची जोरदार सर पुरते. ज्या पावसाला सरकारच अतिवृष्टी मानत नाही, त्याचा दोष आभाळावर कसा ढकलायचा?

दोष बहुतेक वेळा रस्त्याचा असतो. जुना रस्ता न उकरता त्यावर सिमेंटचा थर पडतो. काही वर्षांनी नवा निधी येतो आणि त्याच्यावर आणखी एक थर चढतो. दर खेपेला रस्ता वीतभर वर येतो आणि शेजारच्या घराचा उंबरा तेवढाच खाली जातो. बाजूची गटार बांधली जाते, पण ती कुठल्या ओढ्याला नेऊन सोडायची याचा अंदाजपत्रकात पत्ता नसतो. अर्ध्यावर संपलेली गटार पाणी वाहून नेत नाही, ते एका दारातून उचलून दुसऱ्या दारात टाकते. याला विकासकाम म्हणून बिल निघतं, आणि त्याच कामाने भिजलेल्या बाईला मदतीसाठी अर्ज लिहायला लावतात, याचा मला संताप येतो. केंद्राच्या आपत्ती निकषांप्रमाणे घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं तर कपड्यांना २,५०० आणि भांड्यांना २,५०० रुपये मिळतात. राज्य सरकार ही अट कधी सैल करतं, रक्कमही वाढवतं. पण गल्लीतलं पाणी चार तासांत ओसरतं. धान्य तेवढ्यात नासलेलं असतं.

दुसरं म्हणणं असं, की एवढ्या मोठ्या गावाला ग्रामपंचायत अपुरी आहे, नगरपंचायत झाली की प्रश्न सुटेल. पुण्यात महापालिका होती, तरी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने माणसं नेली. नागपुरातही महापालिका होती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, वस्त्या बुडाल्या आणि प्रवाहातल्या अडथळ्यांचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. पाटी बदलल्याने ओढा रुंद होत नाही.

अधिकार नाहीत, हेही खरं नाही. गटारं बांधणं आणि साफ ठेवणं हे ग्रामपंचायतीचंच काम आहे. सार्वजनिक रस्त्यावरचं आणि मोकळ्या जागेवरचं अतिक्रमण काढायला १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातलं कलम ५३ आहे. पैशाची अडचण मात्र खरी आहे. लोक कर भरत नाहीत, ही तक्रारही खरी. पण कन्नडच्याच जिल्ह्यातल्या पाटोद्यात, सरपंच भास्करराव पेरे पाटलांच्या काळात, कर भरणाऱ्या घराला दळण फुकट मिळू लागलं आणि लोक कर भरू लागले. पैशाचा उपयोग डोळ्यांना दिसला की माणूस पावती फाडतो.

‘लोकांनीच नाल्यात घरं बांधली,’ हा सगळ्यात टोचणारा आक्षेप. काहींनी बांधली आहेत. त्यातला ज्याच्याकडे दुसरी जागा आहे, त्याचं बांधकाम निघालंच पाहिजे, मग तो कुणाचाही नातेवाईक असो. ज्याच्याकडे गुंठाभरही जमीन नाही, त्याला आधी घरकुलाच्या यादीत घ्या, जागा द्या, मग नाला मोकळा करा. या क्रमात उलटापालट झाली तर तो गरिबावर अन्याय आहे.

माझं मागणं साधं आहे. १ मेची ग्रामसभा पावसाच्या महिनाभर आधी येते. त्या सभेत पहिला विषय पाण्याच्या वाटेचा असावा. गेल्या पावसाळ्यात ज्या घरांत पाणी शिरलं, त्यांची यादी वॉर्डावार वाचून प्रोसिडिंगमध्ये नोंदवावी. गावातले नाले आणि गटारं कुठून निघून कुठे जातात, याचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. नव्या रस्त्याच्या अंदाजपत्रकात शेजारच्या उंबऱ्याची उंची लिहिलेली नसेल, तर ठराव होऊ नये. हीच शिस्त बाकीच्या अर्जांनाही हवी. दिवाबत्ती, नळाचं पाणी, स्मशानभूमीची वाट, यांच्या अर्जांवर नुसता आवक शिक्का पुरेसा नाही. प्रत्येक अर्ज सभेत वाचला जावा आणि त्याचं उत्तर प्रोसिडिंगमध्ये उतरावं. काम होणार नसेल तर का होणार नाही, तेही लिहावं. पुढच्या १५ ऑगस्टच्या सभेत तेच पान उघडून विचारता येईल, की यादीतल्या कुणाकुणाच्या घरात यंदाही पाणी आलं.