नाव बदलले, पत्ता हरवू नये

उस्मानाबाद शहराच्या नामांतराला केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्यता दिली. सप्टेंबर २०२३ मधील अधिसूचनेने जिल्ह्याचे नावही धाराशिव झाले. पाट्या, शिक्के, लेटरहेड बदलण्याकडे सर्वांचे लक्ष असते; जुन्या नावाने तयार झालेल्या इंटरनेटवरील पत्त्यांचा प्रश्न मात्र सहसा मागे पडतो.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मधील एका टिपणात या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे. माणसे नोकरी सोडतात, त्यांची कामे दुसऱ्यांकडे जातात. म्हणून लेखकाचे नाव वा सॉफ्टवेअरची खूण अशी बदलणारी गोष्ट पत्त्यात गुंफू नये, असे त्यांचे म्हणणे. ते स्वतः १९९४ मध्ये जिनिव्हाजवळील 'सर्न' ही संस्था सोडून अमेरिकेतील 'एमआयटी'त गेले. तरीही जगातील पहिले संकेतस्थळ मूळ पत्त्यावर वाचता येते; 'सर्न'ने ते २०१३ मध्ये तेथे पुन्हा उपलब्ध केले.

सरकारी कार्यालयांत अधिकाऱ्यांच्या बदल्या नित्याच्याच. संगणकाचे कंत्राटदारही बदलतात. अशा वेळी पत्ते सांभाळण्याची जबाबदारी व्यक्तीवर नव्हे, पदावर निश्चित करायला हवी. जुना पत्ता टाकणाऱ्याला आपोआप नव्या पानावर नेणारी '३०१' ही सोय वेबच्या रचनेतच आहे. त्यासाठी जुने डोमेन चालू ठेवावे लागते, इतकेच. एरवी परंड्याच्या शेतकऱ्याने जपून ठेवलेला परिपत्रकाचा किंवा उमरग्याच्या उमेदवाराने ठेवलेला भरतीच्या जाहिरातीचा दुवा निकामी होतो. नामांतर हा शासनाचा निर्णय आहे. पत्ता टिकविणे हे प्रशासनाचे कर्तव्य ठरते.