सांगोल्याचा धडा

करकंबहून पंढरपूर ओलांडून नैर्ऋत्येस गेले की सांगोले लागते. मराठी राज्याची सूत्रे छत्रपतींच्या गादीकडून पेशव्यांच्या मसनदीकडे कायमची गेली, ती याच गावी, इ. स. १७५० मध्ये.

१५ डिसेंबर १७४९ रोजी सातारा येथे शाहू छत्रपतींचे निधन झाले. त्यांना पुत्र नव्हता. महाराणी ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेले रामराजे गादीवर बसले. कारभार मात्र नानासाहेब पेशव्यांच्या हाती होता. प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव यांनी सांगोल्यास बंड केले, तेव्हा ते मोडण्यासाठी सदाशिवरावभाऊ रामराजांसह तेथे आले. त्याच मुक्कामी झालेल्या कराराने राजाने राज्यकारभाराचे अधिकार पेशव्यांना देऊन टाकले. ताराबाईंना हे रुचणे शक्य नव्हते. पेशव्यांना दूर करा, हा त्यांचा आग्रह रामराजांनी मानला नाही, तेव्हा नोव्हेंबर १७५० मध्ये त्यांनी आपल्याच राजाला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. पुढे १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन, हा आपला नातूच नव्हे, असे त्यांनी जाहीर केले. गादी राहिली, तिचे तेज गेले.

जर्मनीत १८९० साली नेमके उलट घडले. बिस्मार्क यांनी विखुरलेल्या संस्थानांतून १८७१ मध्ये साम्राज्य उभे केले होते. १८८८ मध्ये एकोणतिसाव्या वर्षी सिंहासनावर आलेल्या दुसऱ्या विल्हेल्मला मात्र स्वतः राज्य करावयाचे होते. कामगारविषयक धोरण, समाजवाद्यांविरुद्धचा कायदा, आणि मंत्र्यांनी पंतप्रधानांच्या माध्यमातूनच राजाला भेटावे हा १८५२ चा जुना आदेश, यांवरून दोघांचे बिनसले. १८ मार्च १८९० रोजी बिस्मार्क यांनी राजीनामा दिला. त्यांनी जपलेला रशियाशी करार त्याच वर्षी संपू दिला गेला. १८९४ पर्यंत रशिया फ्रान्सच्या गोटात गेला. १९१८ मध्ये राजमुकुटही गेला.

सांगोल्यात प्रधान जिंकला, बर्लिनमध्ये राजा. पण दोन्हीकडे राज्य हरले. कारण एकच! दोघांनाही आवरील अशी तिसरी शक्ती तेथे नव्हती. शिवछत्रपतींनी अष्टप्रधानांची योजना केली, तेव्हा प्रत्येक पदाचे काम ठरले होते आणि वेतन रोख होते. पद वतन व्हावे, हे त्यांना मान्य नव्हते. पुढे पदे वंशपरंपरागत झाली. पेशवेपद १७१३ नंतर एकाच घराण्यात राहिले आणि उरलेले प्रधान निस्तेज होत गेले. राजा आणि पेशवा यांच्यामध्ये बोलणारे कोणी उरले नाही, तेव्हाच सांगोल्याचा करार अटळ झाला होता.

पेशव्यांचे कर्तृत्व कोणी नाकारणार नाही. त्यांच्याच काळात मराठी घोडे अटकेपर्यंत पोहोचले. पण कर्तबगार माणूस मर्यादेपलीकडे वाढला की त्याच्या पश्चात पोकळी उरते. आपल्या गावची सहकारी संस्था असो, शाळेचे संचालक मंडळ असो वा कार्यकर्त्यांचा मेळ असो, अध्यक्ष आणि कार्यवाह यांचे अधिकार आधीच स्पष्ट लिहिलेले असावेत. माणसे मोठी व्हावीत, पण व्यवस्थेच्या चौकटीत राहून. वाद पेटल्यावर केलेल्या करारांचे मोल किती, हे सांगोल्याने अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे.