टेबल कोणाचे?

१९६८ मध्ये हर्मन मिलर या अमेरिकी कंपनीने रॉबर्ट प्रॉप्स्ट यांच्या ‘अ‍ॅक्शन ऑफिस’ची दुसरी आवृत्ती बाजारात आणली. हलवता येणारे पडदे, हवी तशी बदलता येणारी मांडणी. काम करणाऱ्याला मोकळीक आणि थोडा एकांत मिळावा, हा प्रॉप्स्ट यांचा हेतू. कंपन्यांनी त्यातून कमी जागेत जास्त माणसे बसवण्याची सोय तेवढी उचलली आणि क्युबिकलच्या रांगा उभ्या राहिल्या. पुढे प्रॉप्स्ट यांनी स्वतःच त्यांच्यावर कडाडून टीका केली.

२०२० च्या टाळेबंदीनंतर हाच खेळ नव्याने मांडला जातो आहे. मुंबईतले बीकेसी असो वा पुण्याजवळचे हिंजवडी, आठवड्यातले काही दिवस ऑफिस आणि उरलेले दिवस घर, ही पद्धत अनेक ठिकाणी रुळली. तिच्यामागोमाग माणसांपेक्षा कमी टेबले आली आणि सकाळी अ‍ॅपवर जागा आरक्षित करणे आले. भाडे वाचते, हे खरे. पण नवा मुलगा काम शिकतो ते शेजारच्या अनुभवी माणसाचे फोनवरचे बोलणे ऐकत, त्याला मध्येच अडवून विचारत. रोज शेजार बदलला, तर हे शिक्षण कुठे होणार? माझ्या मते खरा तोटा इथे आहे. सोफे आणि कॉफी मशीनने तो भरून निघत नाही.

ऑफिसचा आराखडा मंजूर होण्याआधी तिथे बसणाऱ्यांपुढे ठेवला गेलाच पाहिजे. साफसफाई करणाऱ्या मावशींपुढेही.